मांजर पेटीतून सुटल्यानंतर

अध्यापक विद्यालयात शैक्षणिक मानसशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. त्या काळातला एक प्रसंग या लेखाचे कारण आहे. चौथीच्या वर्गावर एका छात्राध्यापिकेचा वजाबाकीचा पाठ होता. पाठ संपल्यावर तिने मुलांना दहा उदाहरणे सोडवायला दिली. मी मागच्या बाकावरच्या एका मुलाची वही पाहिली. ५२ मधून २७ वजा केल्यावर त्याचे उत्तर ३५ आले होते. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. प्रत्येक वेळी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा त्याचा नियम. त्याने दहाही उदाहरणे त्याच नियमाने, सुबक अक्षरात आणि पूर्ण आत्मविश्वासाने चुकवली होती.

पाठचर्चेत मी तिला विचारले, "या दहा उदाहरणांनी त्या मुलाला काय मिळाले?" ती म्हणाली, "सर, सरावाचा नियम. तुम्हीच शिकवला." तिने माझ्याच टिपणांतले वाक्य मला ऐकवले होते. त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

पदविका आणि बी.एड.साठी मराठीत लिहिलेली शैक्षणिक मानसशास्त्राची बरीच पाठ्यपुस्तके माझ्या कपाटात आहेत. त्या दिवसानंतर मी ती पुन्हा वाचली, विशेषतः अध्ययनाच्या उपपत्तींचे प्रकरण. त्याची रचना बहुतेक सगळीकडे सारखीच आहे. आधी थॉर्नडाइक यांचे मांजर, मग पावलॉव्ह यांचा कुत्रा, स्किनर यांचा उंदीर, कोहलर यांचा चिंपांझी. प्रत्येक प्राण्याखाली प्रयोग, निष्कर्ष, शैक्षणिक महत्त्व आणि मर्यादा. प्रयत्न-प्रमाद, अभिसंधान, प्रबलन, मर्मदृष्टी हे शब्द मराठीत रुजले त्याचे मोठे श्रेय याच पुस्तकांना आहे. इंग्रजीचा गंध नसलेल्या खेड्यातल्या मुलामुलींपर्यंत हे शास्त्र त्यांनी नेले. हे ऋण मान्य करूनच पुढचे लिहितो आहे.

एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांवरचे प्रयोग १८९८ साली प्रसिद्ध केले. भुकेले मांजर लाकडी पेटीत कोंडायचे, अन्न बाहेर ठेवायचे आणि खटका उघडून बाहेर यायला त्याला किती वेळ लागतो ते मोजायचे. पुढे कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजात शिक्षकांना शिकवताना त्यांनी शैक्षणिक मानसशास्त्राचा तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. सज्जता, सराव आणि परिणाम हे तीन नियम १९१३च्या सुमारास त्यातून एकत्रितपणे पुढे आले. आपली पाठ्यपुस्तके इथे थांबतात. थॉर्नडाइक मात्र थांबले नाहीत.

त्यांनी माणसांवर प्रयोग सुरू केले. डोळे मिटून ठरावीक लांबीची रेघ काढायची, ती बरोबर आली की चूक हे सांगायचे नाही. लोकांनी शेकडो रेघा काढल्या, तरी अचूकता वाढली नाही. बरोबर-चूक सांगितल्यावर सुधारणा दिसू लागली. दुसऱ्या प्रकारच्या प्रयोगात अपरिचित शब्दाचा अर्थ पाच पर्यायांतून निवडायचा होता. 'बरोबर' म्हटलेली निवड पक्की होत गेली, पण 'चूक' म्हटल्याने चुकीची निवड तेवढ्या प्रमाणात सुटली नाही. १९३२ साली अध्ययनाच्या मूलतत्त्वांवरचा त्यांचा ग्रंथ आला तोवर त्यांनी आपले दोन नियम बदलले होते. नुसत्या पुनरावृत्तीने शिकणे होत नाही, हा पहिला बदल. बक्षीस आणि शिक्षा एकाच तराजूच्या दोन बाजू नाहीत, हा दुसरा. शिक्षेबद्दलच्या त्यांच्या निष्कर्षावर पुढच्या संशोधकांनी आक्षेप घेतले आणि तो वाद बराच काळ चालला. पण आपला गाजलेला नियम संशोधकाने स्वतःच मागे घेतला, ही गोष्ट शिक्षक होऊ पाहणाऱ्या तरुणाला सांगण्यासारखी नाही काय?

माझ्याकडच्या बहुतेक पुस्तकांत ती नाही. असली तर 'मर्यादा' या मथळ्याखाली अर्ध्या ओळीत उरकलेली. उलट सरावाच्या नियमाखाली 'शैक्षणिक महत्त्व' म्हणून पाढे, शुद्धलेखन आणि कवितापाठांतर यांची यादी येते. 'चुकलेला शब्द दहा वेळा लिही' या आपल्या जुन्या सवयीला त्यामुळे एका अमेरिकन शास्त्रज्ञाचा आधार मिळतो, आणि तोही त्याने स्वतः काढून घेतलेला. त्या मुलाच्या वहीत सराव होता. नव्हते ते पहिल्याच उदाहरणाशी थांबून "हे तू कसे केलेस?" असे विचारणारे माणूस.

बुद्धिमापनाच्या प्रकरणाचीही हीच गत आहे. पॅरिसच्या शाळांत कोणत्या मुलांना वेगळ्या मदतीची गरज आहे हे ओळखण्यासाठी आल्फ्रेड बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली कसोटी तयार केली. बिने १९११ साली वारले. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना स्टर्न यांनी १९१२ मध्ये मांडली आणि शंभरने गुणलेला बुद्ध्यंक टर्मन यांच्या १९१६च्या कसोटीने रूढ केला. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी राशी आहे या समजुतीला बिने यांचा विरोध होता. पुस्तकात मात्र बिने यांच्या नावाखाली सूत्र येते आणि लगेच वर्गीकरणाचा तक्ता: इतक्या अंकांच्या वर प्रतिभावान, इतक्यांच्या खाली मंदबुद्धी. सूत्र आणि तक्ता दोन्ही पाठ होतात, कसोटीचा हेतू विसरला जातो. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला बिने कसोटीची मराठी आणि कानडी रूपे तयार केली. त्यांचे नाव एका वाक्यात येते. आपल्या मुलांसाठी कसोटी बदलताना प्रश्नांत काय बदलावे लागते, हा खरा रसाचा भाग असतो आणि तोच गाळला जातो.

असे का होते? लेखक आळशी आहेत, असे मला वाटत नाही. पुस्तकाचा आकार परीक्षा ठरवते. शिक्षक पात्रता परीक्षेत बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे तीस बहुपर्यायी प्रश्न असतात. तिथे नाव आणि नियम यांची जोडी जुळवता आली पाहिजे. स्वतःचे मत बदललेला थॉर्नडाइक अशा प्रश्नाला अडचणीचा. एका नावासमोर एकच गोष्ट लागते. म्हणून आधार देत शिकवण्याची कल्पनाही सर्रास वायगॉट्स्की यांच्या नावावर जाते. 'आधार' या अर्थाची ती संज्ञा वुड, ब्रुनर आणि रॉस यांच्या १९७६च्या लेखातून रूढ झाली, आणि वायगॉट्स्की १९३४ सालीच वारले होते.

आपल्याकडे सामग्रीची वाण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला मुलांचे जे निरीक्षण केले, ते याच विषयाचे आहे. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात न्यावी, हा कुरणशाळेचा निर्णय मुलाची गरज आणि त्याचे अवधान ओळखून घेतलेला होता. पण या दोघी आपल्याला 'शिक्षणतज्ज्ञांचे कार्य' या वेगळ्या पेपरात भेटतात, जन्म-मृत्यूच्या सालांसह. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील संख्यावाचनावरून महाराष्ट्रभर वाद झाला. 'बावन्न' म्हणताना आधी दोन ऐकू येतात आणि लिहिताना आधी पाच लिहावे लागतात, याचा मुलाच्या मनावर ताण येतो का, हा निखळ शैक्षणिक मानसशास्त्राचा प्रश्न होता. आपण तो अस्मितेच्या भाषेत भांडलो. या विषयाचे पदवीधर राज्यभर असूनही चर्चेत त्यांचा आवाज क्षीण होता. मीही त्यांतलाच एक.

मला पुस्तकातून मांजर काढायचे नाही. ते पेटीतून सुटल्यानंतर त्याच्या मालकाने पुढची तीस वर्षे काय केले, तेवढे जोडावे. प्रत्येक उपपत्तीनंतर एका मुलाची खरी वही छापावी, चुकांसकट, आणि विचारावे: या मुलाच्या डोक्यात कोणता नियम आहे? निवृत्तीपूर्वीच्या अखेरच्या काही वर्षांत मी टिपणे देणे बंद करून हेच करून पाहिले. निकाल थोडा घसरला आणि प्राचार्यांनी खुलासा मागितला. खुलाशासोबत मी त्या दहा वजाबाक्यांची प्रत जोडली. ती परत आली नाही, दप्तरात लावून ठेवली असावी.