छायाचित्रात न मावलेले बंदर

जुन्या मुंबई बंदराची छायाचित्रे पाहिली की 'काय शांत शहर होते!' असे उद्गार निघतात. मला ही शांतताच संशयास्पद वाटते.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. त्या काळी काचेवर ओले रसायन लावून छायाचित्र घेत आणि ते उमटायला काही सेकंद तरी लागत. तेवढ्या वेळात लाटा सपाट होत. चालता हमाल धुरासारखा पुसट होई, नाहीतर दिसतच नसे. दूर नांगरलेले जहाज आणि दगडी इमारत मात्र नीट उमटे. म्हणजे राबणाऱ्यालाच चित्रात जागा नव्हती.

प्रत्यक्षात ससून डॉक (१८७५) आणि प्रिन्सेस डॉक (१८८०) होण्यापूर्वी मोठी जहाजे आत पाण्यातच थांबत आणि माल पडावांतून काठावर येई. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अशा किनाऱ्यावर शांतता कुठली?

माणसे जिथे ठळक दिसतात, तिथेही सावध राहिले पाहिजे. विल्यम जॉन्सन याने मुंबईच्या जातीजमातींचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ साली दोन भागांत काढला. त्यात वेगळी टिपलेली माणसे शहरातल्या देखाव्यांवर जोडून बसवली आहेत. माणसाला बहुधा नाव नाही, फक्त जमात आहे. कारागिरी अव्वल आहे, हे मान्य. पण हा आपल्या पूर्वजांचा अल्बम नव्हे. राज्यकर्त्यांनी मांडलेला नमुन्यांचा संग्रह आहे.

मग ती माणसे शोधायची कुठे? मी उर्दू शिकवतो, म्हणून मला उत्तर भाषेत दिसते. बंदर आणि नाखुदा फारसीतून आले, जहाज अरबीतून. त्याच नाखुदाचा मराठीत नाखवा झाला आणि कोळ्यांच्या ओठी बसला. कॅमेऱ्याला न दिसलेली ये-जा शब्दांनी जपून ठेवली आहे.

साकीनाक्याच्या आमच्या मुलांना जहाज म्हटले की छपरावरून जाणारे विमानच आठवते. उर्दूत दोन्ही जहाजच. पण १९९५ पर्यंत हाजी मुंबईहून बोटीने जात होते, आणि कोकणातल्या कित्येक मुस्लिम घरांची चूल खलाशाच्या पगारावर पेटली, हे त्यांना कोण सांगणार?

ही छायाचित्रे जरूर पाहावीत. पण घरातल्या पेटीत पडलेली आजोबांची जहाजाच्या नोकरीची पुस्तिका, दादीचा हजचा पास त्यांच्या शेजारी ठेवून पाहावीत. ते कागद वाळवीच्या हवाली केले, तर आपल्या बंदराची साक्ष द्यायला फक्त साहेबांचा कॅमेरा उरेल. आणि त्याची साक्ष अर्धीच आहे.