नामाचे लिंग आणि श्रमाचे मोल

‘माथाडी’ हा शब्द माथ्यावरून आला. डोक्यावर भार वाहणे हे महाराष्ट्रात स्त्रियांचे नित्याचे काम. पाण्याची घागर, सरपणाची मोळी, बांधकामावरील विटांची पाटी बहुधा त्यांच्याच माथी असते. १९६९च्या माथाडी अधिनियमाने या श्रमाला नोंदणी आणि भविष्यनिर्वाह निधीचे संरक्षण दिले. त्यात पुरुष असण्याची अट नाही; तरीही ‘माथाडी’ म्हणताच मराठी वाचकाच्या मनात पुरुषच उभा राहतो. मुंबईतून वाशी-तुर्भे येथे हलविलेल्या घाऊक बाजारातही गोणी वाहणारा तो, आणि धान्य चाळणारी, निवडणारी ती.

यामागील भाषिक व्यवहार तपासण्याजोगा आहे. सुतारीण, लोहारीण म्हणजे प्रथमतः सुताराची, लोहाराची बायको. घिसाडी स्त्री पिढ्यान्‌पिढ्या ऐरणीपुढे उभी राहून घण मारीत आली. पण ‘घिसाडीण’ या शब्दात घण ऐकू येत नाही, नवरा ऐकू येतो. हा दोष प्रत्ययाचा म्हणावा, तर तसेही नाही. ‘मास्तरीण’ केवळ मास्तराची पत्नी राहिलेली नाही, ती स्वतः शिकविते. मजूरीण, मोलकरीण हे शब्द तर स्वतंत्र श्रमाचेच (‘मोलकरी’ हा पुल्लिंगी शब्द आता जवळजवळ लोपला आहे!). ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांतले फिटर, टर्नर, वेल्डर मात्र पुल्लिंगीच राहिले. तेथे स्त्री उभी राहिली की ती ‘वेल्डरबाई’ होते. म्हणजे आधी हुद्दा आणि मागाहून खुलासा. अकुशल श्रमाला भाषेने स्त्रीलिंग सहज दिले, कौशल्याला दिले नाही.

हा निव्वळ व्याकरणाचा वाद नव्हे. चालत्या यंत्राला तेल देणे, ते साफ करणे यात इजेचा धोका असेल, तर १९४८च्या कारखाने अधिनियमाने त्याची मनाई स्त्रियांना आणि किशोरवयीनांना एकाच वाक्यात केली. यंत्राची देखभाल ज्या हातांना वर्ज्य, ते हात कुशल कसे ठरावेत? १९७६च्या समान वेतन कायद्याने ‘समान स्वरूपाच्या’ कामाला समान मोल देऊ केले. पण कामाचे नावच निराळे ठेवले की समानता मोजावयाची कशाशी?

कामगारसाहित्याची समीक्षाही या व्यवहाराबाहेर नाही. नारायण सुर्वे यांना वाढविणारे गंगाराम आणि काशीबाई दोघेही गिरणीत राबत. समीक्षेच्या लेखी गंगाराम ‘गिरणीकामगार’ ठरतो आणि काशीबाई ‘माउली’. कवीच्या वर्गजाणिवेचा उगम शोधताना तिची पाळी, तिचे खाते, तिचा पगार यांकडे अभ्यासकांची नजर क्वचितच वळली.