खिंड आणि शिखर
(मोटारसायकलवरील हिमालय-प्रवासवर्णनांचा एक विचार)

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठी प्रवासवर्णनाच्या घरात एक नवा पाहुणा आला आहे. तो धुळीने माखलेला असतो, त्याच्या पाठीवर ओझे असते आणि आल्याबरोबर तो किती हजार फूट उंच जाऊन आलो ते सांगू लागतो. मनालीहून किंवा श्रीनगरहून निघून, बारालाचा ला, तंगलंग ला, खारदुंग ला अशा खिंडी ओलांडून लेह व पलीकडचे नुब्राचे खोरे गाठावयाचे, आणि परत आल्यावर तो वृत्तान्त लिहावयाचा, हा आता आपल्याकडील तरुणांचा नित्याचा परिपाठ झाला आहे. हे वृत्तान्त दिवाळी अंकांतून येतात, लहान पुस्तकांच्या रूपाने येतात, शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिकांतूनही येतात. पूर्वी जिला आपण ‘फटफटी’ म्हणून हिणवीत होतो, तिने वाङ्मयात असा प्रवेश मिळविला आहे. तिला दारातूनच परत लावणे सोपे आहे. तथापि ज्या विषयावर आपले विद्यार्थी आपण न सांगता, आपल्या हौसेने चार पाने मराठी लिहितात, त्या विषयाकडे शिक्षकांनी पाठ फिरविणे परवडणारे नाही. म्हणून या लेखनाचा गुणदोषविचार गंभीरपणे केला पाहिजे, असे मला वाटते.

प्रथम एका शब्दाचा विचार करू. लडाखी व तिबेटी भाषांत ‘ला’ म्हणजेच खिंड. त्यामुळे ‘खारदुंग ला खिंड’ असे लिहिणे म्हणजे ‘विंध्याद्रि पर्वत’ म्हणण्यासारखे आहे. ही चूक क्षुल्लक आहे हे खरे. पण आपण जेथे आलो त्या ठिकाणाचे नाव काय सांगते, हे विचारावेसे लेखकास वाटले नाही, एवढे ती सांगून जाते. या लेखनाच्या मुख्य दोषाचे मूळही तेथेच आहे. खिंड म्हणजे काय, हा प्रश्नच बहुतेकांच्या मनात उद्भवत नाही.

शिखर आणि खिंड या दोन निराळ्या वस्तू आहेत. शिखरावर माणूस चढतो आणि आला त्या बाजूस परत उतरतो. शिखर हे प्रवासाचे टोक होय. खिंड ही ओलांडण्याची जागा आहे. दोन खोऱ्यांना, दोन हवामानांना, दोन बाजारांना जोडणारा तो उंबरठा आहे. उंबरठ्यावर कोणी मुक्काम करीत नाही. पण घराची आतली व बाहेरची बाजू तेथेच कळते. मराठी माणसास हे समजावून सांगावे लागू नये. घोडखिंडीची पावनखिंड झाली ती काही तिच्या उंचीमुळे नव्हे. १६६० साली तिच्या एका बाजूस शत्रू होता आणि दुसऱ्या बाजूस विशाळगड होता, म्हणून. चोर्ला किंवा आंबोली घाट उतरणाऱ्या बेळगावकरास सह्याद्रीची ही शिकवण रोजची आहे. वर ज्वारी, खाली भात. वर कोरडा वारा, खाली दमट. चार वळणांत सारी सृष्टी बदलते.

असे असता, ही प्रवासवर्णने खिंडीला शिखर समजून लिहिलेली असतात. सारी रचना पिवळ्या पाटीकडे धाव घेते. पाटीपाशी छायाचित्र निघते, उंचीचा आकडा उच्चारला जातो, आणि प्रकरण संपते. पलीकडे उतरताना काय दिसले, हे क्वचितच वाचावयास मिळते. शिवाय ज्या आकड्यावर ही इमारत उभी करावयाची, तो आकडा तरी कितपत भक्कम आहे? खारदुंग ला येथील पाटीवर अनेक वर्षे १८,३८० फूट ही उंची मिरवली गेली, आणि ‘वाहने जाऊ शकतील असा जगातील सर्वांत उंच रस्ता’ हे बिरुदही तिजबरोबर छापले गेले. प्रत्यक्ष मोजणीत ती खिंड सुमारे १७,५८२ फूट, म्हणजे ५,३५९ मीटर भरते. पाटीपेक्षा जवळजवळ आठशे फूट कमी. पुढे उमलिंग ला येथून १९,०२४ फुटांवरून रस्ता गेला, आणि २०२५ साली त्याहून उंच मिग ला येथवर रस्ता पोहोचल्याचे जाहीर झाले. ज्या लेखाचे सारे मोल आकड्यात होते, तो लेख नवी पाटी लागताच शिळा झाला. ज्या लेखकाने खिंडीच्या दोन बाजू पाहिल्या असतील, त्याचे मात्र काहीच बिघडले नाही. वाङ्मयाची कसोटी येथे आपोआप लागते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारार्ह आहे. ही मुले काही साहित्यिक नव्हेत. ती गाडी चालवितात, हौसेने लिहितात. त्यांना वाङ्मयाची फूटपट्टी कशाला लावावयाची? यास माझे उत्तर असे की, वरसईचे विष्णुभट गोडसे हेही साहित्यिक नव्हते. १८५७ साली ते उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञातील दक्षिणेच्या आशेने. वाटेत त्यांना बंडाने गाठले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. आणि लुबाडले गेल्यावरही आईबापांसाठी गंगेची कावड घेऊन ते घरी आले. ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले, आणि मूळ हस्तलिखितानुसार त्याचा पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली सिद्ध केला, तो काही भटजींच्या शैलीच्या डौलासाठी नव्हे. भटजींना भूक लागली तर ते भूक सांगतात, भय वाटले तर भय सांगतात, आणि समोरच्या माणसाने काय केले ते डोळ्यांना दिसले तसे सांगतात. हा गुण कोणत्याही विद्यापीठाची पदवी देत नाही. तो गाडीवरून जाणाऱ्या तरुणालाही साध्य आहे.

दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा आहे. पायी चालणाराच खरा प्रवासी, यंत्रावर बसणारा केवळ अंतर कापतो, असे तो सांगतो. त्याच्या बाजूने काका कालेलकरांचे उदाहरण देता येते. बेळगावच्या गणेश विद्यालयात आणि नंतर वडोदऱ्याच्या गंगनाथ विद्यालयात काम केलेला हा शिक्षक १९१२ साली हिमालयात पायी हिंडला, आणि त्या भ्रमणातून ‘हिमालयनो प्रवास’ हे पुस्तक जन्मले. मराठी मातृभाषा असलेल्या लेखकाचे हे पुस्तक प्रथम गुजरातीत झाले, हे आपल्या सीमेवरील आणि सीमेपलीकडील वाचकांनी अभिमानाने व थोड्या हुरहुरीनेही ध्यानात ठेवावे. परंतु कालेलकर थोर ठरले ते पायांमुळे नव्हे. ज्याला पाहावयाचे आहे त्याचे डोळे त्यांच्यापाशी होते, म्हणून. पायी जाऊनही काही न पाहिलेल्या यात्रेकरूंची संख्या अगणित आहे.

यंत्र हे दृष्टीच्या आड येतेच असे नाही, याचा पुरावा अमेरिकेतून मिळतो. रॉबर्ट पिरसिग यांनी १९६८ साली आपल्या लहान मुलास मागे बसवून मोटारसायकलवरून जो दूरचा प्रवास केला, त्यावर आधारलेले ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ हे पुस्तक १९७४ साली निघाले. त्यात बेअरटूथ नावाची सुमारे अकरा हजार फुटांची खिंड ओलांडण्याचा प्रसंग आहे. पण आकडा तेथे महत्त्वाचा नाही. बंद मोटारीत बसणारा काचेच्या चौकटीतून देखावा पाहतो. मोटारसायकलवरचा माणूस त्या देखाव्याच्या आतच असतो, हा त्या ग्रंथातील विचार सुप्रसिद्ध आहे. त्याहूनही मोलाची गोष्ट ही की, इंजिनातील बिघाड, पाना, प्लग, पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण या कारागिराच्या बाबी त्यात तत्त्वचिंतनाचा विषय होतात. यंत्राची निगा राखणे आणि मनाची निगा राखणे या एकाच शिस्तीच्या दोन बाजू आहेत, असे हे पुस्तक वाचकास पटवून देते.

आपल्या तरुण लेखकांच्या हाती याहून समृद्ध सामग्री आहे, आणि ती बहुधा तशीच पडून राहते. सतरा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा होतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल ठरलेल्या मापाने येत राहते, पण हवा विरळ झालेली असते. म्हणून मिश्रण जड होते, प्लग काळा पडतो, गाडी धापा टाकू लागते आणि चढावर पहिल्या गिअरखेरीज चालत नाही. त्याच क्षणी त्या गाडीवर बसलेल्या माणसाचीही तीच अवस्था झालेली असते. त्याचे डोके ठणकते, चार पावले टाकली की छाती भरून येते, भूक मरते. माणूस आणि यंत्र एकाच श्वासाला महाग झाले आहेत, असे दृश्य पूर्वीच्या कोणत्या कवीस लाभले होते? पायी यात्रेकरूस ते ठाऊक नव्हते, आणि आजच्या नव्या गाड्यांत पेट्रोलचे माप हवेप्रमाणे आपोआप बदलत असल्यामुळे उद्याच्या प्रवाशासही ते ठाऊक नसेल. म्हणजे ही नोंद करण्यास एका पिढीचाच अवधी होता. ती वाया दवडणे हा माझ्या मते या वाङ्मयाचा आकड्यांच्या हव्यासाहून मोठा अपराध आहे.

या जागी लेखक काय करतो? तो ‘शब्दातीत’, ‘स्वर्गीय’, ‘अविस्मरणीय’ असे शब्द लिहून मोकळा होतो. क्लच, पंक्चर, टायर या शब्दांविषयी माझी तक्रार नाही. ते वस्तूंचे शब्द आहेत, मराठीने ते पचविले आहेत. तक्रार आहे ती या तयार विशेषणांची. लेखकाने ‘शब्दातीत’ असे लिहिणे म्हणजे सुताराने ‘हे लाकूड तासण्यापलीकडचे आहे’ असे सांगून मजुरी मागण्यासारखे आहे.

आणखी एक उणीव नीतीच्या प्रांतात मोडते. हे रस्ते आकाशातून पडले नाहीत. १९६० साली स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेने ते बांधले आणि दर उन्हाळ्यात ती ते बर्फातून पुन्हा मोकळे करते. रस्त्याच्या कडेला डांबराच्या पिंपांशेजारी, तोंडाला फडके बांधून खडी फोडणारे मजूर उभे असतात. त्यांतील कित्येक झारखंड-बिहारसारख्या सखल मुलखातून आलेले असतात. प्रवासी त्या उंचीवर काही मिनिटे थांबतो, छायाचित्र काढतो आणि डोके दुखू लागले म्हणून घाईने उतरतो. मजूर महिनोन्‌महिने तेथेच कुदळ चालवितो. किती वृत्तान्तांत त्याच्यासाठी एक वाक्य आहे? मी वाचलेल्यांपैकी फारच थोड्यांत. वास्तविक मराठी माणसास त्याची आठवण प्रथम व्हावयास हवी. बोरघाटाची वाट इंग्रजांना दाखविणाऱ्या आणि त्याबद्दल प्राणास मुकलेल्या शिंगरोबा धनगराची कथा आपल्याकडे सांगतात. घाटातल्या त्याच्या देवळापाशी प्रवासी अजूनही नाणे टाकतात. लडाखच्या खिंडीवरही दगडांची रास आणि पताका असतात, आणि ती ओलांडताना तेथील माणसे देवांचा जयजयकार करतात. हे दोन्ही विधी एकाच भावनेचे आहेत. वाट ही कोणाची तरी देणगी आहे, ही ती भावना. ज्याने शिंगरोबाला नाणे टाकले आहे, त्याने त्या पताकांकडे केवळ रंगीत देखावा म्हणून पाहावे, याचे वैषम्य वाटते.

शेवटी शिक्षक या नात्याने एक सूचना करतो. विद्यार्थी असा वृत्तान्त घेऊन आला, तर त्यातील उंचीचा आकडा आणि विशेषणे पेन्सिलीने खोडावीत आणि त्यास तीन प्रश्न विचारावेत. खिंडीच्या अलीकडे काय होते व पलीकडे काय होते? तेथे तुझ्या गाडीचे आणि तुझे काय झाले? तेथे तुझ्याखेरीज कोण होते? या प्रश्नांची उत्तरे साध्या वाक्यांत मिळाली, तर चार पानांची दोन पाने होतील. पण ती दोन पाने दहा वर्षांनीही वाचता येतील. मनालीकडून येणाऱ्यास आता रोहतांग ओलांडण्याचीही गरज उरलेली नाही. २०२० साली खुला झालेला नऊ किलोमीटरचा बोगदा त्यास डोंगराच्या पोटातून पलीकडे नेतो. उद्या इतर खिंडींचेही तसेच होईल. त्या वेळी खिंड ओलांडणे म्हणजे काय होते, हे लोकांनी पुस्तकातच वाचावयाचे आहे. ते पुस्तक मराठीतही असावे, एवढीच अपेक्षा. आणि ते लिहिणारा आज आपल्याच एखाद्या वर्गात, मागच्या बाकावर बसला असण्याचा संभव आहे.