नूरजहाँ : ‘अनमोल घडी’च्या पलीकडे

आपलं नवापूर स्टेशन माहीत नाही असं इथे कोणी नसेल. एकाच प्लॅटफॉर्मवर चालता चालता माणूस महाराष्ट्रातून गुजरातेत जातो, हातातला चहा काही बदलत नाही! नूरजहाँवर बोलायचं ठरलं तेव्हा मला ते स्टेशन आठवलं. कारण तिच्या बाबतीत आपले कान १९४७ च्या सरहद्दीवर जे थांबले, ते पुढे गेलेच नाहीत.

आपल्याकडे तिची गोष्ट कशी सांगतात? कसूरची अल्लाह वसाई, जन्म १९२६ चा. लहानपणी कोलकात्यात ‘बेबी नूरजहाँ’. मग लाहोरला १९४२ चा ‘खानदान’, संगीत मास्टर गुलाम हैदर यांचं. पुढे मुंबई. १९४५ ला मास्टर विनायकांचा ‘बडी माँ’. त्यात नायिका नूरजहाँ, संगीत आपल्या दत्ता कोरेगावकरांचं, आणि एका छोट्या भूमिकेत कोवळ्या वयाच्या लताबाई. १९४६ ला ‘अनमोल घडी’, १९४७ ला दिलीपकुमारबरोबर ‘जुगनू’. मग फाळणी. ती पाकिस्तानात गेली, लताबाईंना रान मोकळं झालं, संपली गोष्ट. शेवटी वाघा सरहद्दीवर दोघी भेटल्या तो किस्सा, की झालं.

माझं म्हणणं वेगळं आहे. पार्श्वगायिका नूरजहाँची गोष्ट तोवर सुरूच झाली नव्हती. मुंबईत ती गायली ती मुख्यतः स्वतःसाठी. पडद्यावर चेहरा तिचा, गळाही तिचाच. म्हणजे आपल्या संगीत रंगभूमीवरच्या गायक-नटांच्या जातीची ती. ‘अनमोल घडी’त शब्दाच्या टोकाला येणारी ती बारीक मुरकी ऐका. तो निम्मा अभिनय आहे.

पार्श्वगायन रुळलं आणि या जातीच्या कलावंतांची पंचाईत झाली. सुरैया १९६३ च्या ‘रुस्तम सोहराब’नंतर थांबली. खुर्शीद पाकिस्तानात गेली, पण तिथे तिचं बस्तान बसलं नाही. नूरजहाँही ‘चनवे’, ‘दुपट्टा’, ‘इंतजार’, ‘कोयल’ असं करत आधी स्वतःच पडद्यावर राहिली. १९५१ च्या ‘चनवे’वर तर दिग्दर्शिका म्हणून तिचंच नाव आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिने अभिनय सोडला. वय पस्तिशीच्या आसपास. आता भांडवल फक्त गळ्याचं.

आणि इथे मला ती खरी मोठी वाटते. १९६२ च्या ‘कैदी’त तिने फैज अहमद फैज यांची नज्म गायली, चाल रशीद अत्रे यांची. सिनेमाच्या गाण्यात मुखड्याकडे परतून दम घेता येतो. नज्मेत विचार पुढे सरकत राहतो. मुरक्यांची राणी तिथे मुरक्या आवरते, बरं का. शब्द आधी पोचू देते, मग सूर सोडते. पुढे १९७० चा पंजाबी ‘हीर रांझा’. संगीत ख्वाजा खुर्शीद अन्वर यांचं. रांझा झालेत एजाज, म्हणजे नूरजहाँचे दुसरे पती, आणि हीर आहे फिरदौस. चाळिशी ओलांडलेली बाई दुसरीच्या ओठांवर तरुण हीर उभी करते, आणि वय लपवायची धडपड कुठे ऐकू येत नाही.

सगळंच असं नाही हं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिने पंजाबी सिनेमांसाठी ढिगाने गाणी गायली. त्यांतली कित्येक मला कर्कश वाटतात. आवाज चढवायचा आणि ढोलकीशी झुंजायचं. लताबाईंनी गळा जपला, हिने उधळला. तिच्या भक्तांना हे आवडत नाही, माझा इलाज नाही.

१९८२ ला ती मुंबईत आली, तब्बल ३५ वर्षांनी. गायली काय, तर ‘अनमोल घडी’तलंच गाणं. लोक गहिवरले. मधली ३५ वर्षं ती काय करत होती, हे आपण त्या दिवशीही विचारलं नाही. २३ डिसेंबर २००० ला कराचीत ती वारली.

आता ‘हीर रांझा’तलं बासरीचं गाणं लावतो. शब्द नाही कळले तरी चालेल, बासरी थांबते तिथे कान द्या. मागे जरा आवाज वाढवता का?