चौकोनामागे कोण बोलतं?

क्यूआर कोडचंच घ्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, आणि बोलबाला झाला तो काळ्या-पांढऱ्या चौकोनाचा. पण मुळात अडचण काय होती? मुलांच्या घरची भाषा कन्नड. म्हणून गुरुजींनी पुस्तकं कन्नडमध्ये नेली, जोडीला कोड दिला. साधन आलं ते अडचणीच्या मागून.

आज बालभारतीच्या पुस्तकांतही कोड असतो. आपल्या जिंतूरकडच्या तांड्यावर घरी गोरमाटी बोलणारं लेकरू तो उघडतं, तेव्हा पलीकडून त्याच्या बोलीत कुणी बोलतं का? नसेल, तर मंडळी, चौकोन तेवढा आला, गुरुजींचा प्रश्न मागंच राहिला. वर्गात नवं साधन आणणाऱ्या शिक्षकाला आम्ही एवढंच विचारू: हे कुठल्या लेकरासाठी?