पांढरपेशाची भीती : हान्स फालाडा यांची एक कादंबरी

बर्लिनमधील फ्रीड्रिखस्ट्रासे या झगमगत्या रस्त्यावर एक तरुण दुकानाच्या काचेसमोर उभा आहे. पोलीस शिपाई त्याला पुढे हो म्हणून दरडावतो. आपल्याला का हटकले जात आहे, हे त्या तरुणाला उमगत नाही. तेवढ्यात काचेत त्याला स्वतःचे प्रतिबिंब दिसते : गळ्यात कॉलर नाही, अंगावर विटका कोट, पाटलोणीला डांबराचे डाग. शिपाई त्याला पदपथावरून खाली रस्त्यावर ढकलतो. कालपर्यंत ज्याने साहेबलोकांना सूट विकले, त्या योहानेस पिनेबर्गला त्या क्षणी कळते की, आपण आता सभ्य माणसांत मोजले जात नाही.

हान्स फालाडा यांच्या ‘छोट्या माणसा, आता काय?’ या १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन कादंबरीतील हा प्रसंग आम्ही प्रथम सेमिनरीच्या ग्रंथालयातील एका जीर्ण इंग्रजी प्रतीत वाचला. तेव्हा आम्हांला ती एका गरीब जोडप्याची प्रेमकथा वाटली होती. यंदा ती पुन्हा वाचताना मात्र तिच्यातील प्रेमापेक्षा भीतीनेच आम्हांला अधिक विचारात पाडले.

फालाडा हे टोपणनाव. लेखकाचे खरे नाव रूडोल्फ डिट्झेन; जन्म १८९३, मृत्यू १९४७. कादंबरीचे कथानक साधेच आहे. पिनेबर्ग हा कारकून. एम्मा ही कामगाराची मुलगी. तो तिला लाडाने ‘कोकरू’ म्हणतो. तिला दिवस गेल्याचे कळताच दोघे लग्न करतात. एका लहान गावातील धान्याच्या व्यापाऱ्याकडे त्याची नोकरी असते, ती जाते. दोघे बर्लिनला येतात. तेथे मांडेल या मोठ्या दुकानात पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात तो विक्रेता म्हणून लागतो. मूल होते. तीही नोकरी जाते आणि शहराबाहेरच्या बागवाडीतील एका झोपडीत संसार येऊन पडतो. एवढीच कथा. खून नाही, क्रांती नाही, सभासंमेलनेही फारशी नाहीत.

पण या कथेमागील आकडे वाचकांनी ध्यानात घ्यावेत. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि अमेरिकेच्या कर्जावर उभी असलेली जर्मनीची अर्थव्यवस्था डळमळू लागली. जुलै १९३१ मध्ये डानाट ही बडी बँक बुडाली. १९३२ च्या प्रारंभी नोंदलेल्या बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली होती. त्याच काळात हिटलरच्या पक्षाची मते पाहा : मे १९२८ मध्ये २.६ टक्के, सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के आणि जुलै १९३२ मध्ये ३७ टक्क्यांहून अधिक. भांडवलशाही संकटात सापडली की फॅसिझम उगवतो, हे विधान अशा आकड्यांवरच उभे आहे. (जर्मन चलनाची कागदाहून कमी किंमत झाली ती १९२३ साली. त्या महागाईने हिटलरला सत्तेवर आणले असे अनेकदा सांगितले जाते, ते बरोबर नाही. त्याला बळ मिळाले ते मंदीत. पगारकपात आणि बेकारी यांच्या काळात.)

तरीही ‘उपाशी माणूस हुकूमशहाच्या मागे जातो’ हे सरळ गणित आम्हांला पटत नाही, आणि फालाडांची कादंबरीही ते मांडत नाही. बेकार कामगारांची मते बहुतांशी कम्युनिस्टांकडे वळली. नाझींना सर्वच थरांतून मते मिळाली हे खरे, परंतु प्रॉटेस्टंट शेतकरी, छोटे दुकानदार, कारागीर यांचा भरणा त्यांत मोठा होता. हे सगळे उपाशी नव्हते. उद्या काय होईल या चिंतेने ते पोखरलेले होते. मराठीत आपण ‘पांढरपेशा’ म्हणतो. त्या शब्दात कमाईपेक्षा कपड्याचा उल्लेख आहे, हे लक्षणीय होय. पिनेबर्गची कमाई अनेक कामगारांहून अधिक नसते. त्याच्याजवळ असते ती कॉलर. सासरच्या कामगार कुटुंबात ही कॉलर थट्टेचा विषय होते. बाप सोशल डेमोक्रॅट, भाऊ कम्युनिस्ट. निदान त्यांच्यामागे संघटना तरी आहे. याच्यामागे कोणी नाही.

कादंबरीचा सर्वांत मोलाचा भाग आम्हांला येथे दिसतो. संकट प्रथम माणसाचे सोबती हिरावते, भाकर त्यानंतर, हे फालाडांनी तपशिलांतून दाखवले आहे. व्यापाऱ्याच्या कचेरीत तीन कारकून असतात. मालकाला आपल्या मुलीसाठी त्यांच्यातूनच जावई हवा आहे, म्हणून पिनेबर्गला स्वतःचे लग्न लपवावे लागते. तिघे शपथ घेतात : एकाला काढले तर बाकीचे दोघेही राजीनामा देतील. वेळ येते तेव्हा दोघेही काढता पाय घेतात. ते वाईट आहेत असे नव्हे. बाहेर नोकऱ्या नाहीत. पुढे मांडेलच्या दुकानात कार्यक्षमतेचा एक तज्ज्ञ येतो. प्रत्येक विक्रेत्याने पगाराच्या ठरावीक पट माल विकलाच पाहिजे, असा नियम तो करतो. त्या दिवसापासून शेजारचा विक्रेता सहकारी राहत नाही. तो आपले गिऱ्हाईक पळवणारा होतो. अखेर पिनेबर्ग एका नटाला, कपडे केवळ अंगावर घालून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला, ते विकत घ्या म्हणून काकुळतीने विनवतो. नट तक्रार करतो आणि याची नोकरी जाते. हा प्रसंग वाचताना आम्हांला आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आठवले. कारखाना बंद पडल्यावरही ते कित्येक आठवडे रोज सकाळी डबा घेऊन घरातून निघत आणि स्टेशनच्या बाकावर बसून राहत.

त्या तीन कारकुनांपैकी एक लाउटरबाख. तो नाझी आहे. कशासाठी? त्याला भूक नाही, तत्त्वज्ञान नाही, ज्यूंविषयी अभ्यासलेले मतही नाही. त्या आडगावात संध्याकाळी करायला काही नसते, म्हणून तो पक्षात जातो. तेथे त्याला मित्र मिळतात, गणवेश मिळतो, हाणामाऱ्या मिळतात. फालाडांनी हे विनोदाने लिहिले आहे. विद्वानांच्या अनेक प्रबंधांहून हे पान आम्हांला अधिक खरे वाटते. जेथे तिघांची शपथ एका दिवसात मोडते, तेथे शेकडोंची एकजूट विकायला बसलेला पक्ष गिऱ्हाइकांवाचून राहत नाही.

हा माल कसा निघाला, हेही पाहण्यासारखे आहे. नाझींच्या १९२० च्या जाहीरनाम्यात मोठी दुकाने ताब्यात घेऊन छोट्या व्यापाऱ्यांना भाड्याने देण्याचे वचन होते. १९३३ मध्ये सत्ता येताच हेर्मान टीट्झ ही ज्यू मालकांची प्रचंड दुकानसंस्था डबघाईला आली, तेव्हा सरकारच्या संमतीने तिला कर्ज देऊन वाचवण्यात आले. मालकांना हुसकावून लावले. दुकाने नाव बदलून तशीच चालू राहिली. छोट्या दुकानदाराच्या हाती त्यांतले काहीच आले नाही. कामगार संघटना तर २ मे १९३३ रोजीच मोडून काढल्या गेल्या.

एकजुटीचा हा मुद्दा आपल्या लोकांच्या संदर्भातही तपासला पाहिजे. जर्मनीच्या कॅथलिक भागांत नाझींना मते लक्षणीय प्रमाणात कमी पडली. तेथे मध्य पक्ष होता, धर्मग्रामांच्या संस्था होत्या, अनेक महागुरूंनी पक्षसदस्यत्वाला मनाई केली होती. याचा अभिमान बाळगावा, पण अर्धाच. मंदीत पगार आणि बेकारभत्ता कापणारे वटहुकूम काढणारे चॅन्सेलर ब्र्यूनिंग हे त्याच मध्य पक्षाचे होते. नोव्हेंबर १९३२ मध्ये हिटलरची मते वीस लाखांनी घटलेली असताना त्याला सत्तेत आणण्याची खटपट करणारे फॉन पापेन कॅथलिक होते. २३ मार्च १९३३ रोजी हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याला मध्य पक्षाने पाठिंबा दिला; विरोधात पडली ती सोशल डेमोक्रॅटांची ९४ मते. पाच दिवसांनी महागुरूंनी आपली मनाई मागे घेतली. पोप पायस अकरावे यांचे निषेधाचे परिपत्रक जर्मन चर्चमधून वाचले गेले ते १९३७ च्या झावळ्यांच्या रविवारी. मंदीने हिटलरला दारापर्यंत आणले. दार आतून उघडणाऱ्यांत आपलीही माणसे होती.

कादंबरीचा शेवट मात्र आम्हांला समाधान देत नाही. अपमानित पिनेबर्ग अंधारात झुडुपांआड दडून बसतो. एम्मा त्याला शोधून जवळ घेते. वर तारे आहेत. प्रसंग सुंदर आहे, डोळे ओलावतात. पण पगारकपातींचे आणि साठ लाख बेकारांचे ओझे एका बायकोच्या खांद्यावर ठेवून लेखक मोकळा होतो, असे वाटल्याखेरीज राहत नाही. एम्मा लोकांचे मोजे रफू करून घर चालवते, नवऱ्याला सरपणाची चोरी करू देत नाही, कधी खचत नाही. अशा स्त्रिया आम्ही पाहिल्या आहेत. त्यांना खचण्याचीही मुभा असावी, एवढे लेखकाला सुचले असते तर ती अधिक खरी झाली असती.

फालाडा देश सोडून गेले नाहीत. नाझी सत्तेवर आल्यानंतर निघालेल्या आवृत्तीत त्यांनी लाउटरबाखला नाझी राहू दिले नाही. त्याला फुटबॉलचा गोलरक्षक केले. कथा जवळजवळ तीच राहिली, फक्त तिच्यातील ते पान गेले. हे पुस्तक मिळवून वाचणाऱ्यांनी आपल्या हाती कोणता लाउटरबाख आला आहे, ते आधी पाहून घ्यावे.