गॅलिलिओचा दोर आणि आपला हातपंप

गॅलिलिओचे दोन नव्या विज्ञानांवरील पुस्तक 1638 साली लायडन येथे प्रसिद्ध झाले. संवादरूपाने लिहिलेल्या या पुस्तकात पहिल्याच दिवशी पंपाची हकिगत येते. टाक्यातील पाणी खाली गेल्यावर सागरेडोचा पंप चालेनासा होतो. दुरुस्तीला आलेला कारागीर सांगतो की पंपात दोष नाही. पंप लहान असो वा मोठा, अशा ओढीने पाणी 18 ब्राच्चोंपेक्षा, म्हणजे सुमारे साडेदहा मीटरपेक्षा, वर चढतच नाही.

कारागिराचे हे निरीक्षण गॅलिलिओने आदराने नोंदवले, हा या प्रकरणाचा मोठा गुण. स्पष्टीकरण मात्र फसले. वरून टांगलेला लांब दोर जसा स्वतःच्याच वजनाने तुटतो, तसा ओढला जाणारा पाण्याचा स्तंभही तुटतो, असे तो म्हणतो. आश्चर्य असे की याच पुस्तकात हवेला वजन असल्याचे तो प्रयोगाने दाखवतो. शिवाय पाणी हवेच्या वजनामुळे चढत असावे, असे बालियानीने त्याला 1630 सालीच पत्राने सुचवले होते. तरीही पंपाचे कोडे आणि हवेचे वजन यांची सांगड त्याने घातली नाही.

पुढे तोरिचेल्लीच्या नळीत पारा सुमारे 76 सेंटिमीटरवर थांबला. पण तेवढ्याने दोराची कल्पना खोटी ठरत नाही. पारा पाण्याच्या 13.6 पट जड आहे, तेव्हा त्याचा ‘दोर’ तितक्याच पटीने आखूड असणार, असे कोणीही म्हणू शकेल. खरी कसोटी 19 सप्टेंबर 1648 रोजी लागली. पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पुई द दोम या डोंगरावर चढला. माथ्यावर पाऱ्याची उंची 8 सेंटिमीटरहून अधिक घटली. पारा तोच, नळीही तशीच; डोक्यावरची हवा तेवढी कमी झाली होती.

ही गोष्ट जुनी झाली, पण दोर अजून तुटलेला नाही. ‘दट्ट्या वर गेला की पाणी ओढले जाते’ असे आपण वर्गात सहज बोलून जातो. वास्तविक दट्ट्यामुळे नळीतील दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. बाटली पाण्याने काठोकाठ भरून घट्ट बुचातून नळी घाला आणि पाणी ओढून पाहा. ते जवळजवळ येतच नाही. हवेला आत वाट दिली की लगेच येते.

या एका क्रियापदाची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते. पुस्तकातील आकृतीत दट्ट्या जमिनीच्या वर असतो. गावातील विंधनविहिरीवरचा इंडिया मार्क टू हातपंप मात्र 30 मीटर खोलीवरूनही पाणी देतो. मग 10 मीटरची मर्यादा कुठे गेली? त्याचे नळकांडे आणि दट्ट्या खाली पाण्यातच बुडालेले असतात. वरचा दांडा हलवला की दट्ट्या आपल्यावरचे पाणी उचलतो. तेथे हवेच्या ढकलण्यावर भिस्त नसते. ‘ओढणे’ शिकलेल्या मुलाला हा फरक दिसणारच नाही.

म्हणून आकृती काढण्यापूर्वी मुलांना एवढेच विचारावे: या पंपाचा दट्ट्या पाण्यापासून किती उंच आहे, आणि पाण्याला वर ढकलते कोण?